कॉलेज म्हणतंय गाव दत्तक घेतो, करारावर सही करू का?

माणदेशी_गडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. मी माण तालुक्यातल्या एका गावाचा उपसरपंच. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

विषय असा की जवळच्या एका कॉलेजचे प्राचार्य आणि दोन प्राध्यापक परवा ग्रामपंचायतीत आले, शाल आणि नारळ घेऊन. आता शाल नारळ आपण पाहुण्याला द्यायचा असतो, पाहुण्यानेच आणला म्हणल्यावर मला तिथंच शंका आली. म्हणाले नवीन शैक्षणिक धोरणात मुलांना समाजात जाऊन काम केल्याचे क्रेडिट आहेत, तर तुमचं गाव आम्ही दत्तक घेतो, पाच वर्षांचा सामंजस्य करार करू. कागद टाईप करूनच आणलेला, खाली सरपंचांच्या सहीची जागा सोडून. वाचला तर सगळं सर्वांगीण विकास, जनजागृती, परस्पर सहकार्य. कोण येणार, कधी येणार, काय करणार, एक ओळ नाही.

आता गंमत अशी की आमचं गाव आधीच तीनदा दत्तक गेलेलं आहे. एकदा एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर झालं, शाळेची भिंत रंगवली आणि ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा वनराई बंधारा घातला, खोटं कशाला बोलू, त्याने दोन महिने पाणी थांबलं. मग केंद्राच्या उन्नत भारत अभियानात दुसऱ्या एका कॉलेजने घरोघर सर्व्हे केला, म्हशी किती, संडास आहे का, गॅस आहे का, माझी आई पोरांना चहा करून करून दमली आणि ते फॉर्म पुढे कुठं गेले ते देवालाच ठाऊक. त्याच्याही आधी शेतकी कॉलेजच्या मुली, कृषीकन्या, आल्या होत्या. आईबाप इतके झालेत की लेकराला कुणीच जेवायला घालत नाही अशी गत.

तरी सरळ नाही म्हणावंसं वाटत नाही. कारण पाणी. वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेच्या काळात आमच्या गावाने जीव तोडून श्रमदान केलं, चर खणले, बांध घातले. आता त्यातून पाणी नेमकं किती वाढलं हे गावात कुणालाच सांगता येत नाही. ज्याची बोअर चालते तो म्हणतो वाढलं, ज्याची आटली तो म्हणतो सगळं फोटोपुरतं होतं. दर ग्रामसभेत यावरूनच गळे धरायची वेळ येते, त्यात काहीजणांनी ऊस लावलाय. मला वाटतं कॉलेजमधे भूगोलाचे, गणिताचे लोक आहेत, त्यांनी हे एवढं जरी मोजून दिलं तरी फार झालं.

तर प्रश्न सरळ आहे. सही करू का? केली तर काय काय लिहून घेऊ? कुणाच्या गावात किंवा शहरात असलं काही खरंच चाललंय का?

फुकटचा_सल्ला

करू नका. फोटो काढतील, बॅनर गुंडाळतील, जातील.

जिरेसाळ

गाव दत्तक घेतात म्हणजे नक्की काय करतात हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. वारसाहक्काने काही मिळतं का :)

माजी_कार्यक्रम_अधिकारी

मी ९ वर्षं एनएसएसचा पीओ, म्हणजे कार्यक्रम अधिकारी होतो, आता निवृत्त, त्यामुळे आतली गोष्ट मोकळेपणाने सांगतो. कॉलेज तुमच्याकडे का आलं ते आधी समजून घ्या, मग सौदा करणं सोपं जाईल.

एक तर नॅक, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणारी संस्था. नॅकच्या मूल्यांकनात विस्तारकार्य, म्हणजे समाजात जाऊन केलेलं काम मोजलं जातं, करार किती आहेत आणि त्याखाली प्रत्यक्षात काय केलं हेही विचारतात, जिओटॅग केलेले फोटो मागतात. फोटो काढताना बॅनरवरची तारीख दिसते ना हे बघण्यात आमचे अर्धे शिबिर जायचे. दुसरं म्हणजे क्रेडिट. फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभाग हे आता पदवीच्या आराखड्यातच आलेत, म्हणजे कॉलेजला दरवर्षी शेकड्याने मुलं कुठेतरी पाठवायचीच आहेत आणि त्यांच्याकडे गावं नाहीत. एका क्रेडिटला साधारण ३० तासांचं काम धरतात. दोन क्रेडिट म्हणजे एका मुलाचे ६० तास. अशी ४० मुलं आली तर २४०० तास झाले. गरज त्यांना जास्त आहे, तुम्ही उगाच उपकाराखाली दबून बसू नका.

एनएसएसला नुसतं नावं ठेवणाऱ्यांना सांगतो, ही योजना १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ३७ विद्यापीठांत सुरू झाली, वर्षाला १२० तासांचा हिशोब आहे आणि सात दिवसांचं शिबिर. सात दिवसांत बंधारा होतो, मोजमाप होत नाही. शिबिराकडून शिबिराचीच अपेक्षा ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणी तुम्हाला सांगणार नाही. जे दोन प्राध्यापक आले होते ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर ते हळूच विचारून घ्या. आमच्याकडे कितीतरी प्राध्यापक तासिकेवर असतात, पोरं कामाला चांगली असतात, जीव लावतात, पण पुढच्या जूनमधे ती तिथे असतीलच असं नाही. ज्याच्या भरवशावर करार केला तोच गेला की करार नुसता फाईलीत उरतो. मी स्वतः पीओ पद सोडलं तेव्हा माझं दत्तक गाव माझ्याबरोबरच गेलं, नव्या सरांनी त्यांच्या सासुरवाडीजवळचं गाव घेतलं.

फुकटचा_सल्ला

सासुरवाडी हाहाहा. सर, हे आधी सांगितलं असतं तर माझा वरचा प्रतिसाद आणखी तिखट केला असता.

दप्तर_दाखला

मी ग्रामसेवक. आता आमचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, काम तेच. उपसरपंच साहेब, दोन गोष्टी.

सरपंचांच्या एकट्याच्या सहीवर जाऊ नका. आधी मासिक सभेत विषय घ्या, मग ग्रामसभेत करार मोठ्याने वाचून दाखवा आणि ठराव करा. उद्या सरपंच बदलले तरी ठराव राहतो. कॉलेजचा माणूस बदलतो तसा आपलाही बदलतो हे विसरू नका, वरच्या सरांनी एकच बाजू सांगितली.

दुसरं, मुलांचं काम विकास आराखड्याला जोडा. दरवर्षी आपण ग्रामपंचायत विकास आराखडा करतो, खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीचाच उचलून आकडे फिरवले जातात, मी पण केलंय, कारण एका माणसाकडे दोन दोन तीन तीन गावं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २६) पैशात ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. आता पाण्यावरच खर्च करायचाय तर तो कुठल्या वस्तीत करायचा हे ठरवायला आकडे नकोत का? विद्यार्थ्यांचा अहवाल आराखड्याच्या ग्रामसभेआधी हातात आला तर त्याचा उपयोग. नंतर आला तर रद्दी.

कर्वेरोडवाली

मी गावाचं नाही, शहराचं उदाहरण देते, थोडं लांबेल. पुण्यात रोज सकाळी ज्या मावशी ढकलगाडी घेऊन दारात कचरा न्यायला येतात त्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याची सुरुवात एका विद्यापीठाच्या विभागातून झाली हे पुण्यातल्याही लोकांना माहीत नसतं.

एसएनडीटी म्हणजे महर्षी कर्व्यांनी १९१६ साली काढलेलं महिला विद्यापीठ, त्याच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाच्या लोकांनी १९९० च्या आसपास कचरावेचक बायकांमधे काम सुरू केलं. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यातली दोन ठळक नावं. गेल्या होत्या अक्षरं शिकवायला. आता विचार करा, जी बाई पहाटेपासून उकिरडे धुंडाळून दुपारी भंगारवाल्याकडे वजन करायला उभी राहते तिला संध्याकाळी बाराखडीत काय रस असणार. तिचं दुखणं वेगळं होतं. कचराकुंडीतला ओला, घाण झालेला कागद स्वस्तात जातो, तोच घरातून सुका वेगळा मिळाला तर भाव बरा येतो आणि हातही कापत नाहीत. मग विभागाने बाराखडी बाजूला ठेवून सोसायट्यांना कचरा वेगळा करून द्या म्हणून सांगायला सुरुवात केली. यात मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की विद्यापीठाच्या पगारावरच्या माणसांनी आपला अभ्यासक्रम त्या बायकांच्या सांगण्यावरून बदलला आणि विद्यापीठाने त्यांना तो बदलू दिला.

पुढे मे १९९३ मधे कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांचा मेळावा झाला आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. मग ओळखपत्रं आली, पुणे आणि पिंपरी चिंचवड महापालिकांनी त्यांना मान्यता दिली. ऐकायला छोटं वाटतं पण ज्या बाईला पोलीस चोर म्हणून हटकायचे तिच्या गळ्यात पालिकेने मान्य केलेलं कार्ड आलं. नंतर पालिकेने नोंदणी झालेल्या कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायलाही सुरुवात केली. २००० साली घनकचऱ्याचे नियम आले, त्यात दारोदार कचरा उचलणं पालिकांवर बंधनकारक झालं, तेव्हा पुणे पालिकेसमोर प्रश्न पडला की हे करणार कोण. इकडे उत्तर तयारच होतं. २००५ ला प्रायोगिक काम झालं आणि २००८ ला पालिकेने 'स्वच्छ'बरोबर पाच वर्षांचा करार केला.

त्या करारात कोण काय देणार ते स्पष्ट होतं. पालिका गाड्या, साहित्य, वर्गीकरणाला जागा आणि व्यवस्थापनाचा खर्च देणार, सदस्यांना पगार देणार नाही, त्यांची फी घरवाले महिन्याला देणार आणि सुका माल विकून आलेले पैसे त्यांचे. १९९० ते २००८, म्हणजे १८ वर्षं लागली करारापर्यंत यायला. आणि तुमचे प्राचार्य पहिल्याच दिवशी टाईप करून घेऊन आले!

फुकटचा_सल्ला

ताई सगळं खरं पण पुढचंही सांगा की. दुसरा करार २०२० च्या शेवटी संपला तेव्हा काय झालं? मुदतवाढ, परत मुदतवाढ, ठेकेदाराला द्यायचं का यावर नगरसेवकांच्या बैठका, बायका पालिकेसमोर आंदोलन करतायत. म्हणजे १८ वर्षं घालवूनही भरवसा नाहीच.

कर्वेरोडवाली

झालं ना, नाही कुठे म्हणते. पण तेव्हा रस्त्यावर उभं राहायला त्यांची स्वतःची संघटना होती, हाच तर मुद्दा आहे. विद्यापीठाच्या विभागावरच सगळं टेकलेलं असतं तर एका बदलीत संपलं असतं. विद्यापीठाने सुरू केलं पण मालकी त्या बायकांकडे गेली, आजही संस्था त्यांचीच आहे.

बाकी नगरसेवकांबद्दल मी काही बोलत नाही, आमच्या वॉर्डातल्या चहाच्या टपरीवर या मग बोलू.

माणदेशी_गडी

ताई, हे कपाळावर लिहून ठेवण्यासारखं. पण आमच्याकडे अशी संघटना नाही, बचत गट आहेत आणि एक जुनं पाणलोट समितीचं रजिस्टर आहे. आणि ग्रामसेवक साहेब, अहवाल कधी हवा हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

माजी पीओ सरांनी सांगितलं तसं हळूच विचारलं. दोघांतले एक सर कायम आहेत, भूगोलाचे. दुसरे तासिकेवर, ते जरा ओशाळले विचारल्यावर, मलाच वाईट वाटलं.

ओरेगॉनचा_पाऊस

इकडचं सांगतो, तुलना करू नका पण कल्पना उचलण्यासारखी आहे.

मी पोर्टलंडजवळ राहतो. इथे ओरेगॉन विद्यापीठाचा एक कार्यक्रम आहे, दर शैक्षणिक वर्षाला एकच शहर धरायचं आणि विद्यापीठातले बरेच वर्ग त्याच शहराच्या कामाला लावायचे. आर्किटेक्चर, नगररचना, कायदा, बिझनेस, पत्रकारिता, जे असेल ते. पहिलं शहर ग्रेशम, २००९ मधे, ते पोर्टलंडला अगदी चिकटून आहे. नंतर सेलम झालं, स्प्रिंगफील्ड झालं. मला यातली भावलेली गोष्ट म्हणजे प्रोजेक्ट विद्यापीठ ठरवत नाही. शहर यादी देतं, की आमची ही बाग, हा चौक, हा जुना कारखाना, यावर विचार करा, प्रत्येक प्रोजेक्टला पालिकेचा एक माणूस नेमलेला असतो आणि शहर त्याचे पैसे मोजतं. पैसे दिले की माणूस अहवाल वाचतो, हा मनुष्यस्वभाव आहे. फुकट आलेला अहवाल कोण वाचतं? पुढे हे मॉडेल इतर बऱ्याच विद्यापीठांनी उचललं.

याहून जुनी गोष्ट म्हणजे काउंटी एक्स्टेन्शन ऑफिस. १९१४ च्या कायद्याने शेतकी विद्यापीठांचं ज्ञान गावोगाव न्यायची व्यवस्था झाली, खर्च केंद्र, राज्य आणि काउंटी असा मिळून. काउंटी म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा, अगदी तंतोतंत नाही. माझ्या परसातल्या टोमॅटोला बुडाला काळे डाग पडले, मी फळ पिशवीत घालून तिथे गेलो, एक सत्तरीच्या आजी होत्या, प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेविका, म्हणाल्या पाणी कमीजास्त देतोस, नियमित दे, औषधबिवषध काही नको. फुकट सल्ला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला काही विकायचा प्रयत्न केला नाही.

फुकटचा_सल्ला

फुकट सल्ल्याला इथे कुणी किंमत देत नाही, मी साक्षीदार आहे. आणि भाऊ, ग्रेशम शहर पैसे मोजतं, आमच्या ग्रामपंचायतीचं लाईटबिल थकलेलं असतं. माणदेशी गडी कॉलेजला काय देणार?

जिरेसाळ

वडापाव देतील की. पोरं त्यावर खूष असतात.

दप्तर_दाखला

वडापावचं बिलही कुठल्या हेडखाली टाकायचं हा प्रश्न आहेच. पण चेष्टा सोडा, थोडे पैसे टाकता येतात. मोजायचा टेप, पर्जन्यमापक, वह्या, मुलांचा एसटी खर्च, एवढं स्वनिधीतून होतं. फार नाही, पण मासिक सभेत खर्च मंजूर करावा लागतो म्हणजे सदस्यांना निदान माहीत तरी होतं काय चाललंय.

पवईतून_पास

उशिरा आलो, पण हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. मी आयआयटी मुंबईत सिताराचा विद्यार्थी होतो. हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग १९८५ पासून आहे. आमच्याकडे एमटेकला फील्डवर जाऊन काम करणं सक्तीचं, कर्जत, मोखाडा असल्या भागात नळयोजना का बंद पडतात ते पाड्यावर बसून बघायचं. तिथे शिकलो की टाकी आहे, पाईप आहे, मोटर आहे, तरी पाणी येत नाही, कारण कधी लाईटबिल, कधी टोकाच्या पाड्याला दाबच पोचत नाही. हे शोधायला मोठं संशोधन नको, तीन दिवस व्हॉल्व्हपाशी बसायची तयारी हवी. पुढे २०१६ ला राज्य सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, त्यात कल्पना अशीच होती की प्रत्येक भागातल्या कॉलेजने आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न घ्यायचे आणि जिल्हा प्रशासनाने ते काम मागायचं. पोकरा या राज्याच्या शेती प्रकल्पात विदर्भ, मराठवाडा आणि जळगावमधल्या पाच हजारांवर गावांसाठी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धतही आमच्या इथल्या टीमने करून दिली.

आता तुमच्या गावाकडे येतो. तुम्हाला पाहिजे ते होण्यासारखं आहे आणि अवघड नाही. पण एक मेख आहे जी अजून कुणी लिहिली नाही. कॉलेजचं वर्ष जूनमधे सुरू होतं आणि एप्रिल मेमधे परीक्षा होऊन सुट्टी लागते. मुलं तुमच्याकडे येणार डिसेंबर जानेवारीत, तेव्हा विहिरी बऱ्या असतात, सगळे खूष. तुम्हाला आकडा हवाय मे महिन्याचा. दुष्काळाचं कॅलेंडर आणि सेमिस्टरचं कॅलेंडर जुळतच नाही! भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजतात, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. तेच चार महिने तुम्ही धरा. करारात बाकी काही नाही लिहिलं तरी चालेल, हे चार महिने लिहा.

पद्धत साधी. १० ते १५ विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, ओढ्याकाठच्या, खालच्या. दरवेळी त्याच. प्रत्येकीच्या कठड्यावर लाल रंगाने एक खूण करा आणि कायम त्या खुणेपासून पाण्यापर्यंत मोजा. सकाळी, मोटर चालू व्हायच्या आधी. शाळेत एक पर्जन्यमापक. मग हिशोब. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. समजा गावाचं क्षेत्र ८०० हेक्टर आणि पाऊस ४०० मिलिमीटर झाला तर एकूण ३२० कोटी लिटर पडलं. आकडा ऐकून लोक आ वासतात, मग त्यातलं किती वाहून गेलं, किती उडून गेलं, किती मुरलं आणि किती उसाने प्यायलं ते समोर बसून मांडायचं. हिवरे बाजारला दरवर्षी ग्रामसभेत हाच ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, त्यांना कुठल्या आयआयटीची वाट बघावी लागली नाही.

एक सावध करतो. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून वॉटर कपचं काम फुकट गेलं की नाही ते ठरवू नका. पाऊस दरवर्षी वेगळा. तीन चार वर्षं तरी लागतील, पाच वर्षांचा करार त्या हिशोबाने बरोबर आहे.

कृषीकन्या_०९

धागाकर्त्याने कृषीकन्यांचा उल्लेख केलाय म्हणून लिहिते. रावे म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, आम्ही काही महिने गावातच राहिलो होतो. माती परीक्षण, बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, पेपरात फोटो. आम्ही शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया दाखवली तेव्हा एक आजोबा म्हणाले हे मी तीस वर्षं करतोय पोरी, तू फक्त रंगीत हातमोजे घालून केलंस. इतकी शरम वाटली. पण त्याच आजोबांकडून मी जे शिकले त्यावर आज माझी नोकरी चाललीये. त्या गावाला आमच्याकडून काय मिळालं ते विचारू नका.

माजी_कार्यक्रम_अधिकारी

पवईकरांचा मुद्दा एकदम मर्मावर. मे महिन्यात आमच्या कॉलेजात चिटपाखरू नसायचं, पेपर तपासणी सोडून. गडी, एक सुचवतो. तुमच्या गावातली किती मुलं त्या कॉलेजात शिकतात? ती मे महिन्यात कुठे असतात?

माणदेशी_गडी

सर!!! घरीच असतात की. म्हशी राखत.

मोजतो आणि सांगतो.

माणदेशी_गडी (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, मधे यात्रा होती.

आमच्या गावातली ९ पोरं पोरी त्याच कॉलेजात आहेत, रोज एसटीने जातात. हे आम्हाला ग्रामपंचायतीत बसून माहीत नव्हतं आणि प्राचार्यांनाही माहीत नव्हतं, दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

ग्रामसभेत करार वाचला. त्यांचा कागद बाजूला ठेवून दीड पानाचा आपला केला. सर्वांगीण विकास काढला, चार महिने घातले, १२ विहिरी घातल्या, अहवाल कुठल्या ग्रामसभेत वाचायचा ते घातलं आणि कॉलेजचा माणूस बदलला तर नव्या माणसाने महिन्याच्या आत गावात यायचं हे पण घातलं. दत्तक हा शब्द एका म्हाताऱ्या आजींनी काढायला लावला, म्हणाल्या आमचे आईबाप मेलेले नाहीत. टेपचा आणि पर्जन्यमापकाचा खर्च स्वनिधीतून मंजूर केला, १८ सदस्य असल्यासारखा गोंधळ घातला सातच जणांनी.

प्राचार्य सगळं मान्य करून गेले, फक्त मे महिन्याच्या मोजणीचे तास क्रेडिटमधे कसे धरायचे यावर अडलंय. सेमिस्टर संपलेलं असतं, मार्क भरून झालेले असतात. भूगोलाचे सर म्हणतात पुढच्या सेमिस्टरला धरू, प्राचार्य म्हणतात विद्यापीठाला विचारायला लागेल. विचारून येतो म्हणाले, अजून आले नाहीत. सही अजून झालेली नाही, म्हणजे माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर लटकलंय.

फुकटचा_सल्ला

सही होईपर्यंत थांबू नका मग. खुणा करून टाका, मोजायला करार लागत नाही. (बघा, दिला शेवटी कामाचा सल्ला.)

माणदेशी_गडी

तेच केलं. रविवारी ११ विहिरींवर खुणा झाल्या. बारावी आमच्या एका जुन्या सरपंचांची, त्यांनी रंगाचा डबा घेऊन आत येऊ दिलं नाही. त्यांचं म्हणणं आज पाणी मोजाल, उद्या सरकारला सांगाल, परवा माझी मोटर बंद कराल. अगदीच खोटं भय आहे असं मला म्हणवत नाही, ऊस त्यांचाच आहे.

पवईतून_पास

हे सगळीकडे होतं. त्यांना सोडून ११ वर सुरू करा, चालेल. पण ती विहीर खालच्या अंगाला असेल तर आकड्यात भोक राहील.

कर्वेरोडवाली

घाई करू नका. त्यांना आकडे आधी दाखवा, मग विहीर मागा.

माणदेशी_गडी

खालच्या अंगालाच आहे, नेमकी. पण काल संध्याकाळी त्यांची नात घरी आली, दुसऱ्या वर्षाला आहे, त्या नवातली एक. म्हणाली आज्याचं मी बघते काका, तुम्ही फक्त टेप ३० मीटरचा द्या, तुमचा १५ चा आमच्या विहिरीला पुरत नाही.